जाळीवरचे तीन पांढरे ठिपके

मी एक जुनी जाळी आहे, मित्रांनो. मासे धरायची नाही, माशा अडवायची. जपानात यात्सुशिरोच्या समुद्रकाठी टोमॅटोचं एक पॉलिहाऊस आहे, त्याच्या दाराला मी नऊ वर्षं लटकलेय. माझी भोकं एवढी बारीक की खसखससुद्धा अडकते.

मला विणलं कारखान्यात, पण जीव लावला तो तोकुइचींनी. मांजराने माझा खालचा कोपरा फाडला, तेव्हा त्यांनी गळाच्या दोऱ्याने ठिगळ लावलं. टाके वाकडे, पण घट्ट. ते जाऊन तीन वर्षं झाली. आता शेत बघतात त्यांची बायको किकुएबाई आणि सून नाओ.

पांढरी माशी दिसायला गरीब असते, पीठ सांडल्यासारखी. पण रोगट पानाचा रस पिते आणि तेच तोंड चांगल्या पानाला लावते. मग बोकड्या येतो. शेंडा पिवळा, पानं वाटीसारखी वळलेली, फळाचं नाव नाही. दोन वर्षांपूर्वी कुणीतरी माझी चेन चार बोटं उघडी सोडली आणि अर्धं पॉलिहाऊस उपटावं लागलं. कुणी, ते मला माहीत आहे. बोल मात्र मला लागला, म्हणे जाळी जुनी झाली. राग येणार नाही का?

तेव्हा गावाने ठरवलं, जुलै-ऑगस्टात कुणाच्याही दारात टोमॅटोचं एकही झाड नको. झाडच नसलं की रोगाला घर उरत नाही. हे घरोघर सांगायचं काम किकुएबाईंचं. बांधावर आपोआप उगवलेल्या एका झाडावरून त्यांनी शेजारच्या इवाशिताला असं झापलं होतं, की तो बाईंना बघून रस्ता बदलायचा.

ऑगस्टची बारा तारीख होती. दुसऱ्या दिवशी ओबोन, म्हणजे पितर घरी यायचे. तो सण झाला की नवी रोपं लागणार. सकाळी नाओ आली आणि माझ्यासमोर थबकली. माझ्यावर बाहेरून तीन पांढरे ठिपके बसले होते.

"गावात झाड नाही, मग तुम्ही आलात कुठून गं?" तिने माशांनाच विचारलं.

समोरच्या गोदामामागे ती शोधत गेली. क्रेटच्या आडोशाला एक कुंडी निघाली. त्यात टोमॅटो, एक फळ लाल झालेलं, शेंडा पिवळा. मागोमाग किकुएबाई पोचल्या. मग हळूच म्हणाल्या, ओबोनला ह्यांच्यापुढे घरचा टोमॅटो ठेवायचा होता, दुकानातला ह्यांनी जन्मात खाल्ला नाही.

"आई, इवाशिताकाकांना काय काय बोललात तुम्ही," असं म्हणून नाओने रागारागाने झाडाला हात घातला.

बाईंनी तिचं मनगट धरलं. "उपटू नकोस. हलवलंस की सगळ्या उडतील. आधी पिशवी."

झोपलेल्या बाळावर चादर घालावी तशी त्यांनी मोठी पारदर्शक पिशवी कुंडीवर ओढली, तोंड बांधलं आणि कुंडी उन्हात ठेवली. दुपारपर्यंत आतल्या माशा पडल्या. नाओला फळाची हळहळ वाटली, तिने काढू का म्हणून विचारलं. बाई नको म्हणाल्या, पिशवी उघडायची नाही.

मग त्या स्वतः इवाशिताकडे गेल्या आणि सगळं कबूल केलं. तो म्हणे पोट धरून हसला आणि म्हणाला, आता रस्ता तुम्ही बदलायचा.

ओबोनला काकडी होती, वांगं होतं, टोमॅटो नव्हता. संध्याकाळी बाई माझ्यापाशी आल्या, माझ्या ठिगळावरून बोट फिरवलं. "अहो, नोव्हेंबरात या," त्या म्हणाल्या. "पहिला तोडा तुमचाच."

रोपं लागली. नाओ दर आठवड्याला आतले माशा धरायचे पिवळे चिकट कागद भिंगातून बघायची. एकही शेंडा वळला नाही.

नोव्हेंबरात पहिला तोडा झाला. बाई ओंजळभर लाल फळं घेऊन बाहेर पडल्या, दोन वर्षांपूर्वी पडल्या होत्या तशाच, घाईघाईने, ह्यांच्यासाठी. हात मोकळे नव्हते. दोन पावलं गेल्या, थांबल्या, मागे आल्या. फळं जमिनीवर ठेवली, माझी चेन शेवटच्या दातापर्यंत ओढली, मग फळं उचलून घराकडे गेल्या.

तेवढंच मागणं आहे, मित्रांनो. हातात कितीही प्रेमाचं काही असू दे, आधी खाली ठेवा आणि दार लावा.