शून्य प्रवाशांची बस

टेकडीवरच्या वसाहतीत सगळे तिला टाचणी म्हणत. एक तर शिवताना तिच्या ओठांत सदा चार टाचण्या धरलेल्या असत, आणि दुसरं म्हणजे टाचण्या काढल्यावर ती जे बोलायची तेही टोचायचंच. तिला त्याचं काही वाटत नसे. नावं ठेवणाऱ्यांचे कपडेही शेवटी तीच शिवायची.

तिचा नवरा घड्याळजी. दुसऱ्यांची घड्याळं चालू करण्यात त्याची हयात गेली आणि पन्नाशीत त्याच्याच किडन्या बंद पडल्या. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी सातच्या ठोक्याला खालच्या इस्पितळात डायलिसिस. दहा मिनिटं उशीर झाला की पलंग दुसऱ्याला जाई. एक खेप चुकली तर पाय सुजत, दोन चुकल्या तर धाप लागे. तिसरीचा विचार टाचणी करत नसे.

त्यामुळे घरात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे सहा दहाची बस. वसाहतीतून इस्पितळापर्यंत जाणारी ती एकच फेरी, आणि ती चालवायचा टाचणीचा सख्खा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा तो पाच वर्षांचा होता. त्याला वाढवण्यासाठी टाचणीने स्वतःचं लग्न चार वर्षं लांबवलं होतं, आणि हे ती कुणाला सांगत नसे. म्हणजे भांडण झाल्याशिवाय सांगत नसे.

पासवाल्यांनी चढताना कार्ड यंत्राला लावायचं, असा नियम होता. पण वसाहतीचा थांबा ऐन उतारावर आणि बस म्हातारी. जास्त वेळ उभी राहिली की तिचे ब्रेक कुरकुरायचे. म्हणून धाकट्यानेच रीत पाडली होती. सगळ्यांनी भराभर चढून बसायचं. इस्पितळाशी पोचल्यावर तो आरशात बघून डोकी मोजायचा आणि यंत्रावरचं पासवाल्यांचं बटण तितक्या वेळा दाबायचा. आठ वर्षांत कुणी कार्ड पिशवीतून बाहेर काढलं नव्हतं. गाडीवर घरचाच माणूस असताना कार्ड काय दाखवायचं?

आणि एका मंगळवारी थांब्यावर कागद चिकटला. बंदरात उतरणाऱ्या पर्यटकांसाठी बंदर, किल्ला, बाजार अशी नवी फेरी, काचेच्या छताच्या बस, सकाळी नऊपासून. त्यासाठी गाड्या आणि चालक हवेत, म्हणून टेकडीची फेरी येत्या एक तारखेपासून बंद. कारण दिलं होतं, प्रवाशांचा अभाव.

"अभाव?" टाचणी थांब्यावरच कडाडली. "मग आम्ही रोज बसतो ते कोण? भुतं?"

धाकट्याने स्टिअरिंगवरची नसलेली धूळ पुसली. "ताई, वरचे निर्णय. आपल्या हातात काय असतं?"

टाचणीला ते पटलं. वरच्यांबद्दल तिचं मत मुळातच वाईट होतं. त्याच दिवशी ती नऊ शेजाऱ्यांना घेऊन वाहतूक कचेरीत धडकली.

साहेब तरुण, गोड बोलणारा. त्याने छापील तक्ता पुढे सरकवला. "फेरी ठेवायची की नाही यासाठी मोजणी केली, ते हे चौदा दिवस. सहा दहाची फेरी. बघा, रोज शून्य. कागद खोटं बोलत नाही, बाई."

"कागद बोलतच नाही. त्याला बोलायला लावणारा बोलतो. आधीच्या महिन्याचा दाखवा."

साहेबाने कुरकुरत दाखवला. एकतीस, एकोणतीस, तेहतीस. मग चौदा शून्यं. मोजणी संपल्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा एकतीस.

शिवण कुठे उसवली हे टाचणीच्या बोटांना न बघता कळायचं. त्या आकड्यांवरून बोट फिरवताना ते तिथेच अडलं. मागे नऊ जण उभे होते. त्यांनाही कळलं होतं, आणि ते तिच्याकडे बघायचं टाळत होते.

"यंत्र बिघडलं होतं का?" साहेबाने विचारलं. "की चालकाने नोंद केली नाही? तसं असेल तर लेखी द्या. मग बघता येईल."

"उद्या सांगते," ती म्हणाली. एवढ्या मऊ आवाजात तिला बोलताना शेजाऱ्यांनी कधी ऐकलं नव्हतं.

संध्याकाळी धाकटा आला. नव्या गाड्यांच्या सीटची निळी कव्हरं शिवायचं काम त्यानेच तिला मिळवून दिलं होतं. तयार झालेली न्यायला आला होता. ते काम आलं तेव्हा 'भाऊ असावा तर असा' म्हणून तिने गल्लीभर मिरवलं होतं.

"चौदा दिवस बटण का दाबलं नाहीस?"

तो गठ्ठा बांधता बांधता थांबला. "मोजणीत फक्त लावलेली कार्डंच धरायची, असा हुकूम होता."

"मग आम्हाला सांगायचंस ना, कार्डं लावा म्हणून! एक शब्द, धाकट्या!"

"सांगितलं असतं तर ही फेरी राहिली असती." तो खाली बघत म्हणाला. "आणि मीही तिच्यावरच राहिलो असतो. मला नवी गाडी देणार आहेत, ताई. नऊला कामावर. आज माझी मुलं मला झोपलेलीच दिसतात."

"आणि तुझे भाऊजी?"

"त्यांची करू काहीतरी सोय."

"काय सोय?"

"बघू."

त्या 'बघू'त सगळं आलं. म्हणजे याने विचारच केला नव्हता. ज्याच्या तापात तिने रात्री जागून काढल्या, त्याने त्या चौदा दिवसांत सहा सकाळी आरशात तिच्या आजारी नवऱ्याचं डोकं बघितलं आणि ते मोजलं नाही.

"जाऊ दे गं," आतून घड्याळजीचा थकलेला आवाज आला. "पोराला बोलू नकोस."

तेच तिला सगळ्यात जास्त लागलं.

बुधवारी सहा दहाला दोघं बसमध्ये चढली. इस्पितळाशी त्याने सगळ्यांना ऐकू जाईल असं एकतीस वेळा बटण दाबलं. नवऱ्याला डायलिसिसच्या यंत्राशी जोडून झाल्यावर टाचणी कचेरीच्या बाकावर दार उघडायची वाट बघत बसली, आणि दार उघडताच साहेबासमोर जाऊन उभी राहिली.

"यंत्र ठीक होतं," ती म्हणाली. "चालकाने नोंद केली नाही. मुद्दाम. तो माझा भाऊ आहे."

साहेबाने झरझर लिहून घेतलं. तिने सही केली. कागद फायलीत गेला.

"आता बस चालू राहील ना?"

"अहो बाई," साहेब समजुतीने म्हणाला, "फेरीचं गेल्या वर्षीच ठरलंय. काचेच्या गाड्यांची मागणीही तेव्हाच गेली. मोजणी आपली नियमाला धरून करायची म्हणून केली."

"मग हे कशाला लिहून घेतलंत?"

"उद्या कुणी विचारलं की चौदा दिवस शून्य कसं, तर आमच्याकडे उत्तर नको? आता आहे. चालकाची चूक."

"द्या तो कागद."

"तो आता दप्तरी गेला."

फाईल तिच्यापासून हातभर अंतरावर होती. तिने हात पुढे केला. साहेबाने फाईल खणात टाकली आणि खणाला कुलूप लावलं.

ती बाहेर आली तेव्हा व्हरांड्यात धाकटा उभा. नवा गणवेश घ्यायला बोलावलं होतं. तो अंगावर चढवूनच निघाला होता. तिला बघून त्याचा चेहरा उजळला.

"ताई! भाऊजींच्या सोयीचं विचारायला आलीस ना? मीही साहेबांच्या कानावर घातलंय. रात्रभर झोप नाही मला. इस्पितळाची एखादी गाडी वर पाठवता येते का बघतो म्हणालेत. काय म्हणाले तुला?"

टाचणीचं तोंड उघडलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यातून काही बाहेर पडलं नाही.

शिपायाने दारातून डोकं काढलं. "नव्या गाडीचे चालक तुम्हीच ना? साहेबांनी आत बोलावलंय. लगेच."

"चावी देणार बहुतेक," धाकटा तिच्या कानाशी हसून म्हणाला. त्याने कॉलर नीट केली, लहानपणी शाळेत जाताना विचारायचा तसं "बरा दिसतो ना?" असं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता आत गेला.