वॉल्टरचा कप

पॅकहॉर्स पबच्या दारावरच्या पाटीवरून नॉरिस पेंटरने सकाळीच 'एडना' एवढं नाव घासून काढलं होतं. मागचं 'क्रॅबट्री' तसंच ठेवलं होतं. एडनाने रस्त्यात उभं राहून वर पाहिलं.

"बोडकं दिसतंय रे नुसतं," ती म्हणाली.

"मग सांगा ना काय लिहू ते," नॉरिस शिडीला टेकून म्हणाला. "उद्या कोर्टात तुम्ही लोर्नाचं नाव घेणार असाल तर पुढे लोर्ना लिहितो आणि मोकळा होतो. नसाल घेणार तर क्रॅबट्रीपण पुसायला हवं. माझा रंग वाळतोय, मालकीणबाई."

"वाळू दे. तिन्ही सांजेपर्यंत सांगते. आणि हे बघ, शिडीवर चढायचंय ना? मग आज तुला बिअर नाही. ती बिनदारूची जिंजर बीअर पी."

"अहो, पण आज तुमचा शेवटचा दिवस!"

"तुझा व्हायला नको म्हणून सांगतेय," एडना म्हणाली आणि आत गेली.

आता हॅगथॉर्पच्या लोकांना हे सांगावं लागत नाही, पण दारू विकायचा परवाना माणसाच्या नावावर असतो, आणि ते नाव दारावर लिहावं लागतं. कोणी झिंगून कालव्यात पडला, कोणी गाडी भिंतीवर घातली, तर गाव बिअरच्या कंपनीकडे जात नाही. दारावरचं नाव वाचतं. वय झालं म्हणून एडना आता परवाना सोडत होती. उद्या सकाळी कोर्टात तिने उभं राहून "माझ्या मुलीला द्या" म्हटलं, की परवाना देणारे साहेब मान डोलावणार होते. एडनाच्या शब्दाला तेवढी किंमत होती. नाही म्हटलं, तर पबची जागा ज्यांची त्या बिअरच्या कंपनीने ब्रॅडफर्डचा एक माणूस हेरून ठेवलाच होता. तो म्हणे शेगडी काढून तिथे जुगाराची मशीनं लावणार होता.

लोर्ना नवऱ्याला सोडून लीड्सहून माहेरी आली, बापाचं आडनाव परत लावलं आणि काउंटरमागे उभी राहिली. कामाला वाघीण. तळघरातली पिंपं बदलणं, नळ्या धुणं, शेगडी पेटवणं, कशात म्हणून हयगय नाही. गावाची लाडकी. आणि तिथेच घोडं पेंड खात होतं. लाडक्या माणसाला 'नाही' म्हणता येत नाही.

परवाचीच गोष्ट. मेंढ्यावाला क्लिफर्ड सग्डन ट्रॅक्टरची किल्ली टेबलावर टाकून बसलेला, डोळे तांबारलेले, आणि लोर्ना त्याच्यासाठी आणखी एक ग्लास भरतेय. "हा शेवटचा हं, काका!" तळघराच्या जिन्यातून एडना वर आली, तिने तो ग्लास उचलला आणि मोरीत ओतला.

"देवाने तुझ्या तोंडात 'नाही' हा शब्दच घातलेला नाही," माणसं गेल्यावर ती म्हणाली. "असल्या तोंडाने अनाथाश्रम चालतो, पब चालत नाही."

"आई, मी त्यांना बोलणारच होते."

"कधी? त्यांच्या मयतीला?"

लोर्ना गप्प बसली. तिचं हे गप्प बसणंही एडनाच्या डोक्यात जायचं. बोल ना काहीतरी, भांड ना! बापावर गेलेली नुसती.

बाप म्हणजे वॉल्टर. आता त्याला जाऊन बरीच वर्षं झाली, पण रविवारी दुपारी शेगडीतले कोळसे लाल झाले, डॉमिनोच्या सोंगट्या टेबलावर आपटायला लागल्या, की एडनाला अजूनही वाटायचं की तळघरातून त्याचं खोकणं ऐकू येईल. वॉल्टर तोतरा होता. साधा माणूस, हसरा, पण 'न' आला की अडकायचा. आणि पबवाल्याला सगळ्यात जास्त लागणारा शब्द नेमका 'न'नेच सुरू होतो. आता काय म्हणावं याला!

महायुद्ध संपल्यावर दोघांनी पॅकहॉर्स चालवायला घेतला तेव्हाची गोष्ट. दगडाच्या खाणीतला सेथ डायसन, अंगाने दरवाजाएवढा, काउंटरवर मूठ आपटून म्हणाला, "आणखी एक." त्याला पुरेशी झाली होती, पाय ठरत नव्हते. वॉल्टर म्हणाला, "न... न... न..."

"न-न-नक्की!" सेथने वेडावून दाखवलं. "ऐकलंत? नक्की म्हणतोय!"

सगळा पब हसला. वॉल्टरचे कान लाल झाले. एडना स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. आता हा भरतोय ग्लास, आणि उद्यापासून कोणीही येऊन याच्या डोक्यावर मिरे वाटणार. वॉल्टरने सेथच्या समोरचा रिकामा ग्लास उचलला. आणि त्या जागी स्वतःचा चहाचा कप ठेवला, निळ्या पट्ट्यांचा, एडनाने त्याच्यासाठी नुकताच भरून दिलेला, दोन चमचे साखर घातलेला. एक शब्द बोलला नाही. नुसता बघत राहिला सेथकडे, काळजीने बघतात तसा.

सेथने कपात पाहिलं, वॉल्टरकडे पाहिलं. कोणाला वाटलं कप भिंतीवर फुटणार. पण तो गडी तो चहा प्याला, शेवटच्या घोटापर्यंत. मग वॉल्टरने टोपी घातली, त्याला हाताला धरलं आणि कालव्याच्या काठाकाठाने घरी नेऊन सोडलं. दुसऱ्या दिवशी सेथची बायको मागच्या दाराने आली, डोळे पुसत. म्हणाली, "याला आजवर घरी सोडायला कोणी आलं नव्हतं हो. घराबाहेर काढायला पुष्कळ आले."

तेव्हापासून ते चालूच झालं. ज्याची पुरे झाली त्याच्यासमोर कप. कपाशी कोणी हुज्जत घातली नाही. घालणार कोणाशी, समोरचा काही बोलतच नाही! कप प्यायचा, वॉल्टर टोपी घालणार, दोघांनी चालायला लागायचं. गाडी असली तर किल्ली घड्याळाखालच्या खिळ्यावर, सकाळी येऊन न्यायची. गावात बोलणंच पडलं, "काल त्याला कप मिळाला." गिरणीत कोणी भलत्या थापा मारायला लागला की बाया म्हणायच्या, "हिला कप द्या गं कोणीतरी." प्रार्थनामंदिरात एकदा पाहुणा पाद्री नरकाचं वर्णन करता करता थांबेचना, तेव्हा मागच्या बाकावरून कोणीतरी हळूच म्हणालं, "वॉल्टर, कप!" वॉल्टर हसू दाबता दाबता जांभळा झाला होता. काय दिवस होते ते! एडनाला आठवलं की अजून हसू यायचं.

वॉल्टर गेला तसा एडनाने तो कप धुऊन रमच्या बाटल्यांशेजारी पालथा घातला. परत कोणाला दिला नाही. तिला त्याची गरजही नव्हती, तिची जीभ पुरेशी होती. धूळसुद्धा ती स्वतः पुसायची. लोर्नानेही कधी त्याला हात लावला नव्हता.

तर आज ती शेवटची रविवारची दुपार. बाराला दार उघडलं, तीनला घंटा होणार, मग संध्याकाळपर्यंत बंद. सगळं गाव लोटलं होतं. एडना आयुष्यात पहिल्यांदा काउंटरच्या अलीकडे बसली होती, गिऱ्हाइकाच्या उंच स्टुलावर, आणि तिला पाय कुठे ठेवायचे ते कळत नव्हतं. काउंटरमागे लोर्ना एकटी.

तर हॅगथॉर्पमध्ये रीत अशी, की माणूस आपली बिअर घेताना मालकिणीला म्हणतो, "आणि एक तुमच्यासाठी." एडनाचं उत्तर ठरलेलं. "नंतर घेते, राजा." ते नंतर कधी आलंच नव्हतं. एक तर पिणाऱ्यांवर लक्ष ठेवणाऱ्याने पिऊ नये हा तिचा नेम. दुसरं म्हणजे रविवारी तीनची घंटा झाली की ती आपली छोटी गाडी काढून माळावरच्या स्मशानात वॉल्टरकडे जायची. रस्ता चढाचा, वळणावळणाचा.

"मालकीणबाई," क्लिफर्ड सग्डन उठून उभा राहिला आणि मोठ्याने म्हणाला, "आज ते 'नंतर' आलं!"

हशा पिकला, टाळ्या झाल्या. पहिली शेरी क्लिफर्डची. दुसरी डॉमिनोवाल्यांची. मग सेथचा मुलगा आला, बापासारखाच आडवा, म्हणाला, "बाबांच्या वतीने." त्याला कशी नाही म्हणणार? मग आणखी कोणाची. लोर्ना ओतत होती. एडनाच्या गालांवर ऊब आली, शेगडी फार छान जळते आहे असं वाटलं, वॉल्टरच्या गोष्टी तिने दोनदा सांगितल्या आणि दोन्ही वेळा लोक पोट धरून हसले. तरी मनाच्या एका कोपऱ्यात जुनी मालकीण जागी होती, आणि ती बघत होती. ही पोरगी ओततेच आहे. आईला झालेली दिसत नाहीये हिला? कोणी मागितलं की हिने भरलंच! उद्या कोर्टात काय सांगू मी, हिच्या हाती गाव द्या म्हणून?

"नाही जमायचं हिला," ती क्लिफर्डच्या कानाशी म्हणाली. ती हळू बोलली असं तिला वाटलं. "उद्या नाहीच म्हणते मी. येऊ दे त्या ब्रॅडफर्डवाल्याला. जळलं मेलं माझं नशीब."

लोर्नाच्या हातातलं फडकं थांबलं. तिने ऐकलं होतं.

एडनाने पर्समधून गाडीची किल्ली काढून समोर ठेवली. "तीन वाजत आले. एक शेवटची भर गं, लोर्ना. मग मी तुझ्या बाबांकडे जाऊन येते."

लोर्ना हलली नाही. मग तिने रिकामा ग्लास उचलला, पाठ फिरवली आणि स्वयंपाकघरात गेली. बराच वेळ आलीच नाही. एडना बोटांनी काउंटरवर ताल धरून बसली. परत आली तेव्हा लोर्ना सरळ रमच्या बाटल्यांपाशी गेली, तिने तो कप सुलटा केला, फडक्याने आतून पुसला, किटलीतून चहा ओतला, आणि आईसमोर ठेवला.

डॉमिनोची एक सोंगटी वाजली नाही.

"काय आहे हे?" एडना म्हणाली.

लोर्ना काही बोलली नाही.

"मला? माझ्या पबात? अगं, तू जन्मायच्या आधीपासून मी या लोकांना सांभाळतेय, आणि तू मला कप देतेस? चार घोट शेरीने मी काय मरतेय होय! आण ती बाटली. लोर्ना, मी तुला सांगतेय!"

लोर्नाचा चेहरा पांढरा पडला होता. उद्याचा सगळा डाव आईच्या हातात होता हे तिला ठाऊक होतं, अख्ख्या पबाला ठाऊक होतं. तिने हात पुढे केला, आईची किल्ली उचलली आणि घड्याळाखालच्या खिळ्यावर अडकवली. मग नुसती बघत उभी राहिली आईकडे. काळजीने बघतात तसं.

एडनाला बोलायचं होतं, खूप काही बोलायचं होतं. पण बोलणार कोणाशी? समोरची बोलतच नव्हती. तिने कपात पाहिलं. इतकी वर्षं तिने तो कप काउंटरच्या पलीकडून पाहिला होता, समोरच्याची जिरवणारा कप म्हणून. सेथ डायसनसारखा माणूस मुकाट्याने का प्याला, याचं तिला कायम नवल वाटायचं. आज तो तिच्याकडे तोंड करून होता. कोणीतरी आपल्याला जिवंत घरी पोचवायचं ठरवलंय, आणि त्यासाठी आपला रागही सोसायला तयार आहे, एवढंच त्यात होतं. तिने कप दोन्ही हातांत धरला. चहा गरम होता, दोन चमचे साखर घातलेला.

"वॉल्टर, मेल्या," ती म्हणाली आणि सगळ्यांसमोर ढसाढसा रडली. रडता रडता शेवटच्या घोटापर्यंत प्याली.

लोर्नाने घंटा वाजवली. "चला, वेळ झाली. ग्लास रिकामे करा." लोक उठले. क्लिफर्ड सग्डनने न सांगता आपली ट्रॅक्टरची किल्ली काढली आणि एडनाच्या किल्लीशेजारी अडकवली.

मग लोर्नाने खुंटीवरची बापाची टोपी घेतली, डोक्यावर घातली आणि आईला हाताला धरलं. "चल. बाबांकडे चालत जाऊ."

"चढ आहे गं."

"बसू मध्ये मध्ये."

बाहेर ऊन स्वच्छ होतं. नॉरिस जिंजर बीअरची बाटली घेऊन शिडीच्या पायथ्याशी बसला होता. एडनाने त्याच्याकडे बघून बोट वर केलं. "काय बघतोस? चढ. लोर्ना लिही."

तो टुणकन उठला. शेवटचं अक्षर होईपर्यंत एडना लेकीच्या हाताला धरून रस्त्यात उभी राहिली, मान वर करून, एक डोळा मिटून.

"वाकडं लिहिलंस रे," ती ओरडली. "सगळं नाव वाकडं आलंय!"

"नाव सरळ आहे, आई," लोर्ना म्हणाली. "तू वाकडी उभी आहेस."