सांड सामाईक, बंदर अंबिकाबाईंचं

ढुंढिराजमास्तर रोज सकाळी अखबार वाचत, पण तो सहा-सात वर्षांपूर्वीचा असे. पाठशाळेतून निवृत्त होताना तिथल्या कपाटातले पुण्याहून आलेले जुने अंक कुणी रद्दीत टाकणार होतं, ते त्यांनी उचलून घरी आणले होते. ताज्या बातम्या वाचल्या की कुणाशी तरी बोलावंसं वाटतं, आणि घरी बोलायला कुणी नव्हतं. पत्नी प्रमोदिनी जाऊन चार वर्षं झाली होती. मुलगी, शरदिनी, इंदूरला आपल्या संसारात होती. जुन्या बातम्यांचं बरं असतं. त्यांचं पुढं काय झालं ते कुणाला आठवत नाही, म्हणून आपण मनाला येईल ते ठरवावं.

‘न्हाव्यांचा संप, आठवा दिवस.’ मास्तर मथळा मोठ्यानं वाचत आणि भिंतीकडे बघून सांगत, "नवरदेव तशीच दाढी घेऊन मांडवात आला. सासूला वाटलं बैरागी आहे. तिनं पसाभर तांदूळ झोळीत घालून त्याला वाटेला लावलं." मग ‘लाटसाहेबांचे आगमन पुन्हा लांबणीवर.’ "स्वागताच्या कमानीची पानं शेळ्यांनी फस्त केली. शेवटी साहेब आले तेव्हा शेळ्यांनाच दोन्ही बाजूंना उभं केलं, निदान पानं त्यांच्या पोटात तरी आहेत म्हणून." स्वतःच हसत. हसणं थांबलं की खोलीत फार शांत वाटे.

पौषात ते गंगास्नान आटोपून काशीच्या पंचगंगा घाटाच्या पायऱ्यांवर उन्हाला बसले होते. काखेत अंक होता. शेजारी बिंदुमाधवशास्त्री गंधाचं ताट पुसत होते. कधी नव्हे ते त्यांनी विचारलं, "काय मास्तर, काय म्हणतो अखबार?"

महिन्याभरात मास्तरांना कुणी काही विचारलं नव्हतं. त्यांनी घाईघाईनं अंक उघडला. ‘जनावरांची घरोघर नोंद होणार.’

"घरोघर? कुठली जनावरं?"

इथं खरं सांगायला हवं होतं, की अंक जुना आहे आणि बातमी पुण्याकडची आहे. पण शास्त्रीबुवा ताट खाली ठेवून त्यांच्याकडे वळले होते. मास्तरांच्या तोंडून निघून गेलं, "जे जनावर ज्या दाराशी रोज खातं ते त्या घरचं. मग सांड असो की छतावर उड्या मारणारं बंदर. नाव, वय, स्वभाव, सगळं लिहून द्यायचं."

त्यांना वाटलं होतं, शास्त्रीबुवा हसतील. शास्त्रीबुवांचा चेहरा उतरला. "आमच्या दाराशी तो काळा सांड बसतो हो! उद्या त्यानं कुणाला शिंग मारलं तर?"

दुपारी दारावर थाप पडली. शास्त्रीबुवा भावाला घेऊन आले होते. "मास्तर, आमच्या वाटण्या झाल्यात. सांड मात्र दोन्ही दारांच्या मधे बसतो. तो सामाईक लिहिता येईल का?"

मास्तरांनी प्रमोदिनीची सतरंजी काढून झटकली, अंथरली आणि दोघांना गूळपाणी दिलं. मग उत्तम अक्षरात अर्ज लिहिला: ‘सांड एक, वर्ण काळा, स्वभाव तापट, सामाईक.’ दुसऱ्या दिवशी सहाजण आले, तिसऱ्या दिवशी गल्ली भरली. शेजारची लीला तावातावानं सांगत होती, "आमच्या छतावर चौदा बंदरं येतात, पण खातात सगळी समोरच्यांकडे. आमच्याकडे नुसती झोपायला येतात!" मास्तर गंभीरपणे म्हणाले, "झोपणाऱ्यांची वेगळी यादी होणार आहे." रोज दिवेलागणीला लोक गेले की ते ठरवत, उद्या सांगून टाकायचं. सकाळी पुन्हा कुणी तरी "मास्तर, आहात का घरात?" म्हणे, आणि ते राहून जाई.

पाचव्या दिवशी कचेरीत कारकुनी करणारा विष्णु आला. "असा हुकूम आमच्याकडे तरी आलेला नाही. बघू तो अखबार." त्यानं पहिलं पान उलटून तारीख वाचली. मग मोठ्यानं वाचली.

कुणी हसलं नाही. शास्त्रीबुवांनी आपला अर्ज उचलून चार तुकडे केले. "म्हातारपणी बरा खेळ मांडलात, मास्तर." भराभर चपला वाजल्या आणि खोली रिकामी झाली. सगळ्यांत शेवटी लीला उंबऱ्यात थांबली. "आमचं जाऊ द्या. पण संकठा घाटावरच्या अंबिकाबाईंनी त्यांचा बूचा काठीनं मारून हाकलला. तेव्हापासून त्या जेवल्या नाहीत."

अंबिकाबाई वाईहून काशीवासाला आलेल्या, एका खोलीत राहणाऱ्या विधवा. कान तुटलेलं एक म्हातारं बंदर रोज त्यांच्या खिडकीशी येई. त्याला त्या बूचा म्हणत आणि आपल्यातली अर्धी पोळी त्याच्या हातात देत. मास्तर तसेच उठून गेले. दार उघडंच होतं. त्यांनी उंबऱ्याबाहेरूनच सांगितलं, "बाई, असा काही हुकूम नाही. मी बनवून सांगितलं."

बाई खिडकीकडे वळल्या. "वीस वर्षांपूर्वी घर, शेत, भांडीकुंडी सगळं दिराच्या मुलांना देऊन आले. आपल्या नावावर काही राहू नये, मोकळं मरावं म्हणून. आणि सरकार म्हणतं, बंदर माझ्या नावावर. मी घाबरले, मास्तर. पाठीत काठी घातली त्याच्या. तो पळालासुद्धा नाही लवकर. बघत राहिला माझ्याकडे."

"चूक झाली माझी."

"का केलंत असं?"

"लोक येत होते," मास्तर म्हणाले.

"माणसं हवी होती तर हाक मारायची." त्यांनी पदरानं डोळे पुसले. "माझ्याकडे रोज येणारा तो एकटाच होता."

दुसऱ्या दिवसापासून मास्तर फुटाण्यांची पुडी घेऊन बूचाला शोधत फिरू लागले. मणिकर्णिकेच्या चितांच्या धुरात काळवंडलेल्या शिखरांवर पाहिलं, पंचगंगेवरच्या धरहऱ्याच्या मशिदीमागच्या गच्च्यांवर पाहिलं. दोन कानांची पुष्कळ बंदरं होती. एकानं पुडीच पळवली. गल्लीतली माणसं त्यांना पाहून बोलणं थांबवत. रोज दुपारी ते अंबिकाबाईंच्या दाराशी येऊन सांगत, "आज नाही दिसला." बाई मान हलवत आणि दार लोटून घेत.

नवव्या दिवशी त्यांनी दार लोटलं नाही. "जिने चढून दमलात. बसा तिथं." त्यांनी पाण्याचा तांब्या उंबऱ्यावर ठेवला. मास्तर बसले. दोघं समोरच्या छपरांकडे पाहत राहिली. तांब्या उचलताना बाई म्हणाल्या, "येत जा. पण ते अखबार आणू नका."

मास्तर येत राहिले. बोलणं फारसं होत नसे. पौष सरला, माघातली गर्दी आली आणि गेली. बाई अर्धी पोळी खिडकीत ठेवत आणि संध्याकाळी ती तशीच उचलून गाईला घालत. बूचा आला नाही.