गुरुवारपर्यंत

बाबांच्या उजव्या डोळ्यात कोपऱ्यातून काळी सावली सरकायला लागली. डॉक्टर म्हणाले, आतला पडदा सुटतोय, ऑपरेशन लवकर करा. बाबा शिंपी. डोळा म्हणजे काय, हे आमच्या घरात कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

सोमवारी हॉस्पिटलचा मेसेज आला, इंग्रजीत. आईनं फोन माझ्या हातात दिला. "वाच गं. नववीपर्यंत शिकलीस ना."

नववी मी इंग्रजीच्या बाईंशी भांडून सोडली. गाळलेल्या जागांत बाय किंवा अंटिल भरायचं होतं. मी विचारलं, दोन्हींचा अर्थ 'पर्यंत'च ना, मग दोन शब्द कशाला? वर्ग हसला. बाई म्हणाल्या, "खाली बस." मी बसले नाही, दप्तर उचललं आणि निघाले ती निघालेच.

मेसेजमध्ये बेड होता, अंटिल होता, गुरुवार होता, दुपारचे बारा होते. मी ठसक्यात सांगितलं, "गुरुवारी बारापर्यंत बेड मिळेल."

"म्हणजे आधी जाऊन उपयोग नाही," आई म्हणाली.

"तिथं बाकावर बसायला जायचंय का?"

बाबा हसले. दोन ब्लाऊज उरलेत, तेवढे उरकतो म्हणाले.

गुरुवारी साडेबाराला आम्ही पिशवी घेऊन काउंटरवर उभे.

"तुमचा बेड आत्ताच दुसऱ्या पेशंटला दिला," कारकून म्हणाला. "सोमवारपासून रिकामा ठेवला होता."

माझं डोकंच फिरलं. "मेसेज तुमचाच आहे ना? हे बघा, काय लिहिलंय."

त्यानं फोन घेतला, पेनाचं टोक एका शब्दाखाली धरलं. "अंटिल. म्हणजे बारापर्यंत राखून ठेवू. बारापर्यंत मिळेल असं असतं, तर बाय लिहिलं असतं." आवाज चढवला नाही त्यानं. ओरडला असता तर बरं झालं असतं, मला उलटं बोलता आलं असतं.

पुढचा बेड मंगळवारी मिळाला. तोवर सावली मधोमध आली होती. ऑपरेशननंतर डॉक्टर म्हणाले, पडदा बसलाय, पण सुई ओवण्याइतकी नजर या डोळ्याला येणार नाही.

आई येईल त्याच्यापुढे हॉस्पिटलच्या नावानं बोटं मोडत होती. मी दोन दिवस तिला बोलू दिलं. तिसऱ्या दिवशी बाबा एकटे होते तेव्हा मी त्यांना सांगितलं. "त्यांची चूक नव्हती. मी उलटं वाचलं."

बाबांनी डोळ्यावरची पट्टी चाचपली. "मी गिऱ्हाइकाला सांगतो, शुक्रवारपर्यंत देतो. आणि पाटी लावतो, शुक्रवारपर्यंत बंद. शब्द एकच वापरतो की."

"मला बरं वाटावं म्हणून सांगताय."

"नाही. बरं वाटायला नकोच तुला. लक्षात राहायला हवं."

मग म्हणाले, "दुकानाची पाटी लिही. महिनाअखेरपर्यंत बंद."

मी खडू घेतला, लिहिलं आणि वाचून दाखवलं. "दुकान एक तारखेला उघडेल."

"पर्यंत कुठंय?"

"नको ते."

बाबांनी पाटी जवळ ओढली, डावा डोळा बारीक करून एकेक अक्षर बघितलं.

"किती वाजता?" त्यांनी विचारलं.

मी खाली लिहिलं, सकाळी दहाला.