दोघांची मोजणी

माळ्याने नखाने जास्वंदीची साल खरवडली. आधी शेंड्याकडे, मग मधे, मग अगदी बुंध्यापाशी. सगळीकडे कोरडंठाक.

"संपलं, काका. आत ओलच नाही."

"मग काढून टाक बाबा," काकू म्हणाल्या. माळ्याला त्यांनीच बोलावलं होतं. जास्वंद लेकीने हौसेने लावलेली. लेक तापाने गेली आणि वर्षाच्या आत झाडानेही मान टाकली. रोज उठून दारातला तो खराटा त्यांना बघवेना.

काका खुर्चीतून हलले नाहीत. त्यांची सगळी नोकरी नदीतले डॉल्फिन मोजण्यात गेली होती.

"आमच्या साहेबांनीही डॉल्फिन संपले म्हणून जाहीर करून टाकलं होतं," ते म्हणाले. "दिसत नाही म्हणजे नाहीच, असं नसतं."

"तुमचा डॉल्फिन श्वास घ्यायला वर तरी येतो," काकू फणकारल्या. "ही बया कुठून वर येणार?"

"येईल. तिलाही वेळ द्यावा लागतो."

"मग मोजा कोंब. तुमच्याच पद्धतीने. मीही मोजते."

पद्धत सोपी होती. नावेत दोघांनी पाठीला पाठ लावून बसायचं. बोट दाखवायचं नाही, बोलायचं नाही. काठावर आल्यावर एकेकाने तिसऱ्याच्या कानात सांगायचं. जागा एकच निघाली तर प्राणी एक, वेगळ्या निघाल्या तर दोन. न दिसलेला डॉल्फिन काकांनी जन्मात मोजला नव्हता. त्यापायी आकडा फुगवून मागणाऱ्या दुसऱ्या एका साहेबांशी वाकडंही घेतलं होतं.

दोघे झाडाच्या दोन बाजूंना उभे राहिले. काकांनी चष्मा पुसून फांदी न् फांदी पाहिली. काकू गुडघा धरून खाली वाकल्या.

आधी काका आले. घसा खाकरून माळ्याच्या कानाशी लागले.

"एक कोंब. बुंध्याशी."

आणि त्याच्याकडे न बघता वाकून चपलेची माती झटकत बसले.

माळ्याने कोरड्या बुंध्याकडे पाहिलं. आता काकू खरं सांगणार आणि म्हाताऱ्याची शोभा होणार.

काकू आल्या. नवऱ्याच्या वाकलेल्या पाठीकडे जरा वेळ बघत राहिल्या.

"एक," त्या पुटपुटल्या. "वरच्या फांदीला."

"काय रे, किती झाले?" काकांनी मान वर न करता विचारलं.

माळ्याने कुदळ उचलून फाटकाबाहेर नेऊन ठेवली.

"दोन," तो म्हणाला, आणि पाण्याचा पाइप ओढत आणू लागला.