राळे पेरलेली वाट

राज्य निजामाचं, त्यामुळे बद्रीनाथ मास्तर दिवसा तीर्थपुरीच्या शाळेत उर्दूतून शिकवायचे आणि घरी आले की मराठीतून भूत लिहायचे. बायको गेली की माणूस दुसरी करतो, यानं कादंबरी धरली, असं गाव हसायचं. लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार?

मास्तरांची पुष्पा बाळंतपणात गेली होती. अशी बाई हडळ होऊन लेकरासाठी परत येते, ही तिकडची समजूत. म्हणून मास्तरांच्या आईनं, दुर्गाबाईनं, मसणवट्यापासून उंबऱ्यापर्यंत वाटेवर राळे टाकायला लावले. दाणे मोजल्याशिवाय हडळीला पुढं सरकता येत नाही, आणि राळ्यासारखं बारीक धान्य मोजून कधी सरतं? मोजता मोजता उजाडतं, ती माघारी जाते. मास्तरांना ओरडावंसं वाटलं होतं. पण तान्ह्या लेकीच्या, सोनूच्या जिवाची भीती घातल्यावर ते गप्प बसले.

त्या दिवशी गिळलेलं सगळं मग कागदावर आलं. नायिकेचं नावही त्यांनी पुष्पाच ठेवलं. ती रोज दाणे मोजते, रोज चुकते, रोज माघारी जाते. शेवटच्या प्रकरणात मात्र सगळे दाणे मोजून ती घरी पोचते आणि निजलेल्या लेकीच्या केसांतून हात फिरवते. ते लिहिताना मास्तर ढसाढसा रडले. बायकोला घरी आणायची एवढीच एक तऱ्हा त्यांच्या हातात होती.

जालन्याच्या छापखानेवाल्यानं कागद चाळले.

"मास्तर, भूत बराबर जमलंय. पण शेवटाला रडवून कशाला राह्यले? तिचे पाय उलटे करा, नख्या वाढवा. पोरीच्या नरड्याला हात घालू द्या. मंग बघा, पुस्तक कसं जल्दी खपतंय."

मास्तर पाय आपटत घरी आले. पण पुस्तक छापलंच नाही तर पुष्पा कायमची वाटेतच राहणार, हे त्यांना सोसवेना. निदान नाव तरी राहील तिचं, अशी मनाची समजूत घालून त्यांनी पाय उलटे केले. नख्याही दिल्या.

पुस्तक धडाक्यात खपलं. देवळाच्या ओसरीवर त्याचं वाचन व्हायचं. माणसाची जातच अजब, भुताला भिणार आणि भुताच्याच गोष्टी मिटक्या मारत ऐकणार! आता पाच वर्षांची झालेली सोनूही आजीच्या मांडीवर बसून ऐकायची. आपल्या आईचं नाव तिला ठाऊक होतं.

एके दिवशी दिवेलागणीला मास्तर शाळेतून आले, तर दुर्गाबाई देवळात गेलेल्या आणि दाराला आतून कडी.

"सोनू, मी आलोय गं. उघड."

आतून हुंदका ऐकू आला.

"बाबा, तुमच्यासंग आई तर न्हाई ना?"

मास्तर दाराच्या चौकटीला धरून खाली बसले. आत पोर भीतीनं मोठमोठ्यानं रडायला लागली.

"न्हाई, बाळा," मास्तर म्हणाले. "ती न्हाई. मी एकटाच हाय."

तेव्हा कुठं कडी निघाली.