पानबाबा आणि छातीची गोळी

"चाललं! चाललं!" फुलसावंगीजवळचा अख्खा तांडा एका सुरात ओरडला.

पितळी परातीतल्या पाण्यावर विड्याच्या पानाचा तुकडा, कुणी बोटही न लावता, तुरुतुरु पळत होता. त्यावर हळदीच्या चिंधीत बांधलेली तांडाप्रमुख डोंगरसिंग नायकाची छातीची गोळी. गोळीची वेळ काढायला पानबाबानं "सकाळ?" विचारलं तेव्हा पहिलं पान ढिम्म. "दुपार?" दुसरंही ढिम्म. "तिन्हीसांज?" म्हणताच झोळीतून काढलेलं तिसरं पान निघालं की भरधाव! पानबाबानं लगेच आणखी एक आरती ओवाळली. सकाळपासून ही कितवी, देव जाणे. कापराच्या वासानं सगळ्यांची नाकं भरून गेली होती.

"औषधालाही ग्रह असतात, बच्चा!" बाबा गरजला. "चिंधी बोलली! हिच्यातलं दिव्य औषध रोज तिन्हीसांजेला, माझ्या हातून, शुद्ध तुपासंगं!"

नायकाची बायको सुखीबाई तोंडात पदर कोंबून हसू दाबत होती. गेले आठ दिवस मात्र ती रडतच होती. अंगातलं पाणी काढणारी ही गोळी रोज सकाळी घ्या, असं पुसदच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. पण सकाळी तांड्याची नसाब, म्हणजे पंचायत, बसायची. नायकानं न्याय करता करता दर घटकेला लघवीला उठायचं? छे! त्यापेक्षा योग्य वेळ सापडेपर्यंत त्यानं गोळीच बंद केली. पाय सुजले, चार पावलांत दम लागू लागला, आणि वेळ शोधायला हा बाबा आला.

"बाबा, हे चिंधीतलं नायकानं खरंच खाचं?" सुखीबाई पुढे झाली.

"बेशक!"

"मंग पह्यले तुमी चाखून दाखवा."

तिनं चिंधी सोडली. आत शेळीची लेंडी! लोक पोट धरधरून हसले.

"चिंधी म्याच बांधली. गोळी तं माह्या कनवटीले हाय," ती म्हणाली. "म्हटलं, खरा अशीन तं वळखीन."

शाळेच्या धर्मपाल गुरुजींनी पान उलटं केलं. देठाशी मेणानं कापराचा खडा चिकटवलेला! "कापूर पाण्यावर पसरला का मांगचं पाणी ढिलं पडते, अन् पुढचं पाणी पानाले ओढते. वास झाकाले आरत्या! पह्यल्या दोन पानांले कापूरच नोयता." त्यांनी आणखी एक पान तसंच सोडलं. तेही पळालं. बाबा त्याच्याही आधी पळाला होता.

बाजेवरचा नायक हसता हसता खोकू लागला. श्वास पुरेना. हसू थांबलं. सुखीबाईनं त्याच्या पायावर अंगठा दाबला, तिथे खळगा तसाच राहिला.

"पाहा अवो! सांजेले घेतली तं रातभर उठा लागते, झोपेचं खोबरं. सकायी घेतली तं नसाबीतून उठा लागते. मंग उठा ना! नसाब दुपारी बसवता येते. छातीतलं पाणी कोनासाठी थांबते?"

नायकानं मान खाली घातली, हात पुढे केला आणि सगळ्यांसमोर गोळी गिळली. त्या दिवसापासून तांड्याची नसाब दुपारी बसू लागली.

बाबांनो, औषधाची वेळ पानाला नाही, डॉक्टरला विचारा. ती अडचणीची वाटली तर तेही त्यालाच सांगा. पण लाजेपायी गोळी बंद करू नका.